उत्तर न सांगणारे देवरे सर

देवरे सरांना काही विचारायची सोय नव्हती. आमच्या स्टाफरूममध्ये नव्याने आलेल्या माणसाला हे पहिल्याच आठवड्यात कळायचं, आणि मग तोही आमच्यासारखा त्यांच्या खुर्चीपासून चार हात लांब बसायला लागायचा. माणूस वाईट होता म्हणून नव्हे. इतका सज्जन माणूस आमच्या शाळेत दुसरा नव्हता. पण “सर, आज शेवटचा तास होणार आहे का हो?” एवढं जरी विचारलं तरी सर चष्मा कपाळावर सरकवायचे, आपल्याकडे नीट बघायचे आणि म्हणायचे, “तुम्हाला काय वाटतं?” आता ज्याला भाजी घेऊन वेळेत घरी पोचायचंय त्याला काही वाटायचं नसतं. त्याला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं असतं.

माझंच सांगते. एकदा माझा फोन चार्ज होईना. सासूबाई गावाकडे आजारी, फोन बंद पडून चालणार नव्हतं, आणि मी घाईत नेमकी सरांसमोर बोलून बसले. झालं. हाच चार्जर दुसऱ्या फोनला चालतो का? हा फोन दुसऱ्या चार्जरवर चालतो का? वायर हलवली की फरक पडतो? मग मॅडम, दोष कुठे असेल? मी इतकी वैतागले की म्हटलं, सर, तुम्हाला कळलंय ना, मग सांगून टाका की. त्यांनी खिशातून टाचणी काढून माझ्यापुढे धरली. फोनच्या भोकात कापसासारखा बोळा बसला होता. आमच्या डिंडोलीत घराघरात साड्यांचं काम चालतं, दोऱ्याचं भुसकट हवेत असतंच. बोळा मीच काढला, फोन मीच लावला, आणि सर मी लग्नाची मुलगी उजवल्यासारखे खूश होऊन हसले. त्या हसण्यावर राग धरता येत नसे, हीच अडचण होती.

मी त्या शाळेत मराठी शिकवत होते आणि सर गणित-विज्ञान. सुरतेत मराठी माध्यमाची शाळा म्हटली की बाहेरच्यांना नवल वाटतं, पण डिंडोलीत नवल नाही. अर्धा खानदेश इथे संच्यावर, म्हणजे लूमवर, उभा आहे. मुलं घरात अहिराणी बोलतात, गल्लीत गुजराती, मोबाइलवर हिंदी, आणि माझ्या तासाला वहीत पुस्तकी मराठी लिहून मला खूश करतात. पण दरवर्षी पहिलीच्या वर्गातली बाकं रिकामी राहायला लागली होती. ज्याला चार पैसे बरे मिळतात तो पोराला इंग्रजी शाळेत घालतो, आणि त्याला दोष कोण देणार? आमच्या आचार्य साहेबांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, त्याची धास्ती होती. म्हणून एका ट्रस्टींच्या मुलाने रोबोटिक्सची खोली करून देतो म्हटल्यावर साहेबांनी आधी गेटवर बोर्ड लावला आणि मग शिकवणार कोण याचा विचार केला. सगळ्यांच्या नजरा देवरे सरांकडे वळल्या. सरांनी विचारलं, “का बरं मी?” त्यावर कोणीतरी हळूच म्हणालं, “तुम्हाला काय वाटतं?” सगळी स्टाफरूम हसली, सरही हसले, आणि ते काम त्यांच्या गळ्यात पडलं.

खोलीत टेबलं आली, पंखे आले, मोटारी, चाकं, वायरी असं सगळं भरलेले डबे आले. सरांनी ते डबे कपाटात ठेवले आणि कुलूप लावलं. कितीतरी शनिवार ते उघडलेच नाहीत. शनिवारी आमची शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर रोबोटचा वर्ग. मी पेपर तपासत थांबले की शेजारच्या खोलीतून तो वर्ग ऐकू यायचा. रोबोट बनवायचा नाही, आधी रोबोट व्हायचं, असा सरांचा नियम. एका मुलाने मशीन बनायचं, बाकीच्यांनी हुकूम द्यायचे. मशीनने स्वतःची अक्कल अजिबात चालवायची नाही, सांगितलं तेवढंच करायचं. सांगणं किती अवघड असतं ते त्या मुलांना तेव्हा कळलं. ‘पुढे जा’ म्हटलं तर मशीन भिंतीला जाऊन धडकायचं आणि तिथेच पाय आपटत राहायचं, कारण थांब असं कोणी म्हटलेलं नसायचं.

एकदा त्यांनी मशीनला ग्लासात पाणी भरायला सांगितलं. मशीन झालेला मुलगा मोठा इमानदार. त्याने कळशी उचलली आणि ओतायला लागला. ग्लास भरला, टेबल भरलं, पाणी खाली फरशीवर आलं, मुलं किंचाळायला लागली, तरी हा ओततोच आहे. सर शांत उभे. शेवटी दारातून आत आलेल्या रमीलाबेन, आमच्या शिपाईण, कपाळाला हात लावून ओरडल्या आणि तो खेळ थांबला. दुसऱ्या कुठल्या सरांनी मुलांना फडकी आणायला पिटाळलं असतं. देवरे सरांनी पाण्यात उभ्या उभ्या विचारलं, “याला काय कमी पडलं?”

कोणी म्हणालं अक्कल, कोणी म्हणालं डोळे. मागच्या बाकावरची पायल उभी राहिली. तिचे वडील लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, रात्रपाळी करायचे आणि ती त्यांना डबा द्यायला जायची. बोलायच्या भरात तिचं घरचं बोलणं बाहेर आलं. “सर, खात्यामा दोरा तुटना ना, तर लूम आपोआप थामी जास. तठे दोऱ्यावर एक पत्री ऱ्हास. दोरा तुटना की ती पत्री खाले पडस.”

सर शाब्बास असं कधीच म्हणायचे नाहीत. बरोबर उत्तर आलं की ते फक्त “बरं,” म्हणायचे आणि पुढचा प्रश्न टाकायचे, “आणि तसं नसेल तर?” त्या दिवशी ते दोन्हीपैकी काहीच बोलले नाहीत. खिशातून किल्ली काढून त्यांनी पायलच्या हातात दिली आणि कपाट उघडायला सांगितलं. त्या शनिवारी डबे बाहेर आले. रमीलाबेन मात्र पुढचा महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

वर्गात असे रमणारे सर स्टाफरूममध्ये आले की एकटे व्हायचे. डबा त्यांचा खानावळीचा, बहुतेक वेळा वाटाणा-बटाटा. झाकण उघडलं की आधी सगळ्यांपुढे फिरवायचे आणि सगळे ‘नको सर, नको सर’ म्हणायचे. मग ते खिडकीकडे तोंड करून जेवायचे. मी कधी कळण्याची भाकरी आणि ठेचा नेला तर त्यांना वाढायचे. ते चवीने खायचे आणि विचारायचे, “मॅडम, यात आज वेगळं काय घातलंय?” मी म्हणायचे, “तुम्हाला काय वाटतं?” त्यावर त्यांना ठसका लागेपर्यंत हसू यायचं. त्यांची चेष्टा करणारं आणि त्यांना आवडेल अशी करणारं शाळेत माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि हे मी फुशारकीने सांगत नाही. मला तेव्हाही त्याचं वाईट वाटायचं.

त्यांचं घर होतं, नव्हतं असं नाही. बायको शोभाताई दोंडाईच्याजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्न झालं तेव्हा दोघांच्या नोकऱ्या नव्या होत्या आणि दोघांनाही वाटलं होतं, दोन-चार वर्षांत कोणाची तरी बदली होईल. उधन्याहून सुटलेली आगगाडी नवापूरला राज्याची हद्द रोज ओलांडते, पण सरकारी बदली ती हद्द ओलांडत नाही. एकाने नोकरी सोडायला हवी होती. ती कोणी सोडायची हे ठरता ठरता ऋतुजा झाली, शाळेत गेली, मोठी झाली. सर शनिवारी दुपारच्या गाडीने जायचे आणि सोमवारी पहाटे तसेच शाळेत यायचे. रोबोटचा वर्ग शनिवारी दुपारी लागला आणि ती गाडी चुकायला लागली. मग रविवारी सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मग महिन्यातून एकदा. मी एकदा म्हटलंही, सर, साहेबांना सांगा आणि वार बदलून घ्या. ते म्हणाले, “बाकीच्या वारी मुली घरी जाऊन साड्यांना टिकल्या लावतात, मॅडम. आया शनिवारीच सोडतात.” आणि पुढे म्हणाले, “आणि मलाही कुठेतरी कोणीतरी वाट बघत असलेलं बरं वाटतं.”

त्यांना डेंगू झाला तेव्हा मी आणि आमचे हे पपईच्या पानांचा रस घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो होतो. सोसायटीतली पहिल्या मजल्यावरची खोली, लख्ख स्वच्छ. खुर्ची एकच. ह्यांना खुर्ची दिली, मला कॉटवर बसवलं आणि स्वतः आजारी माणूस स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभा राहिला. तेवढ्यात ऋतुजाचा फोन आला. हाताला सलाइनच्या सुईची पट्टी असल्यामुळे त्यांनी फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला. मुलगी बारावी झाली होती. नाशिकला नंबर लागला होता आणि सुरतेलाही लागत होता. कुठे घेऊ, असं ती विचारत होती.

सर म्हणाले, “तुला काय वाटतं?”

मग ती म्हणाली, “पप्पा, मला काय वाटतं ते मला माहितीये. तुम्हाला काय वाटतं ते विचारतेय.”

“दोन्हीकडचा विचार कर. घाई नको.”

“बरं,” ती म्हणाली. ते ‘बरं’ अगदी सरांसारखं होतं. तब्येतीचं विचारून तिने फोन ठेवला.

आम्ही दोघं जमिनीकडे बघत बसलो. सरांनी फोन पालथा घातला आणि कोणी न विचारता बोलले. “इथेच ये म्हणायचं होतं मला. इतकं तोंडाशी आलं होतं. दुसरी खुर्ची घ्यायची हेसुद्धा मनात ठरवलं होतं.”

मी म्हटलं, मग म्हणायचं ना सर. अजून लावा फोन.

“मी म्हटलं असतं तर ती आली असती, मॅडम. मग ते माझं ठरवणं झालं असतं. तिचं काय राहिलं असतं त्यात?”

ऋतुजा नाशिकला गेली. घरी परतताना आमचे हे एवढंच म्हणाले की हा माणूस शिकवायला उत्तम आहे, पण ह्याच्याजवळ राहणं कठीण. मला ते बोलणं लागलं, कारण ते खरं होतं. त्यानंतर सरांकडे त्या शनिवारच्या वर्गाशिवाय खरोखर काही उरलं नाही. शाळा सुटली की ते खोलीच्या दारात उभे राहायचे आणि जिन्यावरून मुलांच्या चपला वाजायला लागल्या की त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

आणि नेमकी तीच खोली पणाला लागली. एका कंपनीचा माणूस आचार्य साहेबांना भेटून गेला. त्यांचे तयार संच, त्यांचाच शिकवणारा, महिन्याभरात प्रत्येक मुलाचा रोबोट चालता, वर व्हिडिओ आणि प्रमाणपत्र. साहेबांनी सरांना बोलावून सरळ सांगितलं. साहेब काही दुष्ट नव्हते. पहिलीचा वर्ग भरला नाही तर तुकडी बंद होईल ही काळजी त्यांना झोपू देत नव्हती. ते म्हणाले, “सर, वार्षिक प्रदर्शनाला ट्रस्टी येतील. तुमच्या पोरांची वस्तू त्यांच्यासमोर धावली तर खोली तुमची. नाही धावली तर माझ्या हातात काही राहणार नाही.” सरांनी स्टाफरूममध्ये येऊन मला हे सांगितलं, आणि वर्गात जाऊन मुलांनाही सांगितलं. मुलांपासून लपवायचं त्यांना जमायचं नाही.

मुलांनी गाडी करायला घेतली. खात्यात कापडाचा ताका तयार झाला की तो खांद्यावर टाकून गडी पॅकिंगपर्यंत नेतो. मुलांची गाडी तो ताका जमिनीवरच्या काळ्या पट्टीवरून चालत आपोआप नेणार होती. कल्पना पायलची. गाडीच्या पोटाखाली दोन छोटे डोळे होते, काळं आणि पांढरं ओळखणारे. पट्टी सुटली की गाडी आपली आपण वळून पुन्हा पट्टीवर यायची. ती वळायला शिकेपर्यंत त्या मुलांनी किती वेळा डोकं धरलं ते मी भिंतीपलीकडून ऐकलंय. सर कधी एका शब्दाने मदत करायचे नाहीत. पण कोणी रडकुंडीला आलं की त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसायचे आणि तेही डोकं धरायचे. शेवटी गाडी धावली. लहानसा ताका डोक्यावर घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एकदाही न चुकता. रमीलाबेनसुद्धा बघायला आल्या आणि ‘बहु सरस’ म्हणून गेल्या.

प्रदर्शन मैदानावर होतं. कडेने मंडप, मध्ये मोकळी फरशी, आणि दुपारचं टळटळीत ऊन. मुलांनी फरशी धुतली, पुसली, पट्टी चिकटवून तिच्यावरून बोट फिरवून सगळीकडे दाबली. मी पाहुण्यांसाठी गुच्छ घेऊन उभी होते, तिथून सर दिसत होते. ते फरशीकडे बघत होते, मग वर बघितलं, मग पुन्हा फरशीकडे. त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते पायलजवळ गेले आणि म्हणाले, “इथे आणि आपल्या खोलीत फरक काय?”

पायलच्या हातात ताका, दातात पट्टीचा तुकडा, मागून आचार्य साहेब ‘चला, चला’ करतायत. ती घाईघाईत म्हणाली, “काही नाही सर. फरशी सेमच आहे.”

सर तसेच उभे राहिले. त्यांचे ओठ हलले होते, हे मी शपथेवर सांगेन. पण ते काही बोलले नाहीत आणि मागे सरकले.

ट्रस्टी आले. पायलने बटण दाबलं. गाडी हातभर सरळ गेली, मग थबकली, मग पट्टी सोडून गोल गोल फिरायला लागली, आणि ताका डोक्यावरून पडून ट्रस्टींच्या बुटाशी उलगडत गेला. कोणीतरी हसलं. ट्रस्टी भला माणूस, ‘असं होतं, असं होतं’ म्हणत पुढे सरकला. आचार्य साहेबांनी सरांकडे एकदाच पाहिलं आणि पाहुण्यांना खमण-चहाच्या टेबलाकडे नेलं.

मुलं गाडीभोवती बसली. पायल रडत होती आणि रडता रडता गाडी उचलून तिचं पोट बघत होती. ती मंडपाच्या सावलीत सरकली, गाडी खाली ठेवली, परत उन्हात ठेवली. मग तिने एकदम ओढणी काढली, दोघींना टोकं धरायला लावली आणि पट्टीवर सावली केली. गाडी वळली, पट्टीवर आली आणि सावलीत सरळ चालायला लागली. मुली ओढणी धरून तिच्याबरोबर चालत होत्या. उन्हाने त्या पोटाखालच्या डोळ्यांना दिपवलं होतं, एवढीच गोष्ट. सरांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. खोली हातची गेली होती आणि हा माणूस आनंदाने थरथरत होता.

बघायला मात्र कोणी उरलं नव्हतं. सगळे खमण खात होते.

गाडी टोकाला पोचल्यावर पायलने मागे वळून विचारलं, “सर, तुम्हाला उन्हाचं आधीच माहीत होतं?”

“हो.”

“मग सांगितलं का नाही?”

या वेळी सरांनी उलट प्रश्न केला नाही. ते म्हणाले, “तू शोधलंस ना.”

“पण खोली गेली ना सर,” ती म्हणाली. रागाने नव्हे. तिला ते समजत नव्हतं आणि ती समजून घ्यायचा प्रयत्न करत होती. “एक शब्द सांगितला असता तर आपली खोली राहिली असती.”

सरांनी मान हलवली आणि खाली बसून फरशीवरची पट्टी सोडवायला लागले. त्या मुलीचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही आणि सरांचंही म्हणता येत नाही. त्या दिवशी मला त्या दोघांचीही फार दया आली.

पुढच्या सत्रापासून कंपनीचा मुलगा यायला लागला. चटपटीत, हसरा, मुलांना नावाने हाका मारणारा. रंगीत संच आले, प्रत्येक संचात चित्रांचं पुस्तक, चित्र बघून जोडत जायचं की तासाभरात वस्तू चालायची. मुलांना ते आवडलं, हे खरं आहे आणि सांगायला हवं. पायललाही आवडलं. सरांनी त्या मुलाला कपाट लावायला मदत केली, कुठल्या पंख्याचं बटण अडकतं ते दाखवलं आणि किल्ली देऊन टाकली. शनिवारी दुपारची गाडी त्यांना आता मिळू लागली होती. एकदा मी विचारलं, आता दर आठवड्याला घरी जाता, छान झालं ना. ते म्हणाले, “शोभा आता तिच्या पद्धतीने राहते, मॅडम. माझं ताट कुठल्या फळीवर ठेवायचं ते तिला आठवावं लागतं. तिचा दोष नाही.” मग काही शनिवारी ते गेले आणि काही शनिवारी शाळेतच रेंगाळले. पेपर तपासायचे, नाहीतर नुसतेच बसायचे. स्टाफरूममध्ये त्यांनी ‘तुम्हाला काय वाटतं’ म्हणणं कमी केलं, पण तोवर त्यांना काही विचारायची कोणाला सवयच राहिली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शनिवार होता. मी दाखले घेऊन वरच्या मजल्यावर चालले होते. रोबोटच्या खोलीबाहेर सर उभे होते, खिडकीपासून जरासे लांब, आत बघितल्यासारखं दिसू नये इतके. आत गडबड चालली होती. कंपनीचा मुलगा पलीकडच्या टेबलावर कोणाचा तरी व्हिडिओ काढत होता. पायलच्या टेबलावरची गाडी सरळ जायची सोडून जागच्या जागी भोवरा झाली होती. पायलने पुस्तकाची पानं उलटसुलट केली, गाडी उचलली, ठेवली. मग तिची नजर खिडकीकडे गेली आणि ती धावत बाहेर आली.

“सर, बघा ना. फिरतेय नुसती. काय झालं असेल?”

मी जिन्याच्या तोंडाशीच थांबले. सर आता काय म्हणणार ते मला पाठ होतं, आणि पायललाही पाठ असावं, कारण विचारून झाल्यावर ती दाराला टेकून उभी राहिली, घाई नसल्यासारखी. पुष्कळ दिवसांनी तिचा चेहरा विचार करायला तयार झालेला मी पाहिला.

सर म्हणाले, “डाव्या मोटारीच्या दोन वायरी उलट्या लागल्यात. त्या अदलाबदल कर.”

ती हलली नाही. अजून काही येईल म्हणून थांबली होती. सरांकडे बघत राहिली.

“जा,” सर म्हणाले. “वेळ जातोय तुझा.”

“थँक्यू सर,” ती हळूच म्हणाली आणि आत गेली. थोड्याच वेळात आतून टाळ्या आल्या. गाडी धावली असणार. सर ते बघायला थांबले नाहीत. माझ्या शेजारून जिना उतरताना त्यांनी मला नमस्कार केला, आणि सुट्टीत राजीनामा पाठवून दिला. सुट्टीनंतर त्यांच्या जागी नवे सर आले.